स्वप्रकाशित कॉमिकसाठी क्राउडफंडिंग: नागपुरातून मोहीम कशी उभारावी

वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन पुस्तक काढणे मराठी प्रकाशनव्यवहाराला नवे नाही. प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात वाचून नोंदणी करणारा आणि मग पुस्तकाची वाट पाहत बसणारा वाचक आपल्याकडे पूर्वीपासून आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कामासाठी १९१६ साली नागपुरातच लिमिटेड कंपनी स्थापन केली आणि लोकांना भाग विकून भांडवल जमवले. पुढे त्या ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले. आजचे क्राउडफंडिंग म्हणजे पूर्वीची आगाऊ नोंदणीच होय, फक्त तिच्यात लागणारी रक्कम आणि मुदत दोन्ही सर्वांसमोर जाहीर केलेली असतात. आपण देणगी मागत नसून अजून न छापलेली प्रत विकत आहोत, हे एकदा मनाशी पक्के झाले की लक्ष्य किती ठेवावे, काय देऊ करावे आणि उशीर झाला तर काय करावे, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक कॉमिक धरू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे वाईट प्रवृत्तींचे प्रतीक मानलेल्या पुतळ्याच्या, मिरवणुकीवरची ही ४८ पानांची रंगीत मराठी कथा आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगितले जाते. दरवर्षी नव्या विषयावर बांधले जाणारे बडगे (उपरोधिक पुतळे) आणि 'घेऊन जा गे मारबत' हा गजर यांमुळे विषय चित्रांना अनुकूल आहे. शिवाय पोळा ठरलेल्या तिथीला येत असल्यामुळे पुस्तक कोणत्या दिवसापर्यंत वाचकाच्या हाती पडले पाहिजे हेही आपोआप ठरते.

आधी काय तयार हवे

संपूर्ण संहिता, सर्व पानांची कच्ची मांडणी आणि निदान आठ ते दहा पाने रंग व अक्षरांसह पूर्ण झाल्याशिवाय मोहीम जाहीर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुखपृष्ठ आणि दोन पात्रांची चित्रे दाखवून पैसे मागणारे पुष्कळ असतात. वाचकाला मात्र पान वाचायला कसे लागते ते पाहायचे असते. दहा पाने पूर्ण करण्याचा दुसरा फायदा असा की नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून एका आठवड्यात आपल्या हातून खरोखर किती पाने होतात हे कळते, आणि पुढचे वेळापत्रक अंदाजावर न बेतता त्या वेगावर बेतता येते.

लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर पहिला रुपया येण्यापूर्वी लेखी करार करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. 'आपण तर मित्रच आहोत' या भरवशावर काढलेल्या पहिल्या अंकाची दुसरी आवृत्ती, हिंदी अनुवाद किंवा टी-शर्टवरचे चित्र कोणाचे, हा वाद पुढे हमखास उद्भवतो. करारात निदान मानधन, नफ्यातील वाटा, मूळ चित्रांची मालकी आणि मोहीम फसल्यास तोवर झालेल्या कामाचे काय, या चार गोष्टी असाव्यात.

अक्षरांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये देवनागरी मजकूर टाकल्यावर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, रफार सुटतो, जोडाक्षरे हलंत होऊन फुटतात. त्यावर उपाय म्हणजे प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडणे आणि परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावणे. इंग्रजी कॉमिकच्या मापाने काढलेले संवादाचे फुगे मराठीला पुरत नाहीत, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे लागते. म्हणून कच्च्या मांडणीतच प्रत्यक्ष संवाद टाकून फुग्याची जागा ठरवावी. 'कलम', 'मुक्ता', 'बलू' हे फॉन्ट मुक्त परवान्याचे असल्याने छापील विक्रीसाठी वापरता येतात. कुठून तरी मिळवलेला व्यावसायिक फॉन्ट मात्र वापरू नये. छापखान्यात फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करून, म्हणजे अक्षरे चित्ररूपात बदलून, द्यावे, नाहीतर तेथील संगणकावर तो फॉन्ट नसला की सगळा मजकूर विस्कटतो.

लक्ष्याची रक्कम

समजा ५०० प्रती छापायच्या आहेत. प्रतीमागे ८० रुपये दराने छपाईचे ४०,००० रुपये होतात. रंगकाम व अक्षरजुळणी दुसऱ्याकडून करून घ्यायची असेल आणि पानामागे ५०० रुपये ठरले असतील तर ४८ पानांचे २४,०००. दोनशे प्रती टपालाने जातील असे धरून वेष्टन व टपालखर्च मिळून प्रत्येकी ६० रुपये, म्हणजे १२,०००. सोबत द्यायच्या छापील वस्तूंना ४,०००, आणि फाटलेल्या, परत आलेल्या, पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या प्रतींसाठी ५,००० राखीव. बेरीज ८५,००० होते. हे दर केवळ उदाहरणापुरते आहेत. आपल्या कॉमिकचे माप, कागद आणि प्रतींची संख्या एकाच कागदावर लिहून तो कागद निदान तीन छापखान्यांना द्यावा आणि करांसह लेखी दरपत्रक घ्यावे. तोंडी दरात लॅमिनेशन आहे की नाही, हे बिल हातात पडल्यावरच कळते.

आता शुल्क. संकेतस्थळाचे शुल्क, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे) शुल्क आणि या शुल्कांवरील १८ टक्के जीएसटी मिळून जमा रकमेच्या १० टक्के जातात असे धरू. येथे अनेकांचा हिशेब चुकतो. ते ८५,००० मध्ये त्याचेच १० टक्के मिळवून ९३,५०० हे लक्ष्य ठेवतात. पण शुल्क जमा झालेल्या एकूण रकमेवर कापले जात असल्याने ९,३५० रुपये जाऊन हाती ८४,१५० राहतात आणि ८५० रुपये कमी पडतात. मोठ्या रकमेत ही तूट आणखी बोचते. म्हणून खर्चाला ०.९ ने भागावे. उत्तर ९४,४४४ येते, आणि लक्ष्य ९५,००० ठेवता येते.

या हिशेबात लेखक-चित्रकाराच्या स्वतःच्या मेहनतीचा मोबदला नाही. तो धरावा की नाही याबद्दल मतभेद आहेत. पहिल्याच कॉमिकच्या मोहिमेत तो लक्ष्यात न धरता मोहिमेनंतर उरणाऱ्या दोनशेहून अधिक प्रतींच्या विक्रीवर सोडावा, कारण त्यामुळे लक्ष्य आवाक्यात राहते, असे मला वाटते. दुसऱ्या कॉमिकपासून मात्र ही सवलत कोणालाही देऊ नये.

रक्कम ठरल्यावर तिचे माणसांत रूपांतर करावे. टपालासह एका प्रतीची किंमत ३०० रुपये ठेवली आणि काही जण जास्त रकमेचा पर्याय घेतील असे धरून सरासरी ३५० रुपये मानली, तर ९५,००० रुपयांसाठी सुमारे २७२ जण लागतात. वही घ्यावी आणि ही २७२ माणसे नावानिशी लिहायला बसावे. ज्यांनी तोंडाने 'घेईन' म्हटले आहे त्यांची नावे एका रकान्यात, जे बहुधा घेतील त्यांची दुसऱ्यात. इन्स्टाग्रामवर चित्रांना पसंती देणाऱ्यांचा तिसरा रकाना हवा तर करावा, पण त्याच्यावर विसंबू नये. पहिल्या रकान्यात एक तृतीयांश, म्हणजे नव्वदेक नावे भरत नाहीत तोवर मोहीम पुढे ढकलावी किंवा लक्ष्य कमी करावे. पाने ४८ ऐवजी ३२ करणे, रंगीत ऐवजी काळ्या-पांढऱ्यात छापणे किंवा प्रती ३०० वर आणून डिजिटल छपाई करणे, हे सर्व मार्ग सन्मानाचेच आहेत.

ही माणसे नागपुरात कोठे भेटतील? शासकीय चित्रकला महाविद्यालयाचे आजी-माजी विद्यार्थी, शाळांतील कलाशिक्षक, झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांना येणारे वाचक ही उघड ठिकाणे झाली. आपल्या उदाहरणातील विषयाला महाल-इतवारीतील मंडळांचे कार्यकर्ते अधिक उपयोगी, कारण बडगे बांधणाऱ्याला त्या बांबू-कागदाच्या कामावरचे पुस्तक स्वतःचे वाटते. मात्र सर्वांत भरवशाचा गट शहराबाहेर असतो: नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला गेलेला नागपूरकर सावजी जेवणाच्या नुसत्या उल्लेखानेही हळवा होतो, आणि त्याच्या मुलांना मराठी वाचायला देण्यासारखे काही तो शोधतच असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा संमिश्र प्रांताची राजधानी असलेल्या या शहरात घरी हिंदी बोलणारा वाचक मोठ्या संख्येने आहे. त्याच्यासाठी हिंदी संवादांची पीडीएफ आवृत्ती ठेवल्यास खर्च थोडा वाढतो, गिऱ्हाईक मात्र पुष्कळ वाढते.

संकेतस्थळ, कायदा आणि कर

कॉमिकच्या क्राउडफंडिंगचे नाव निघाले की किकस्टार्टर आठवते. २००९ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर लक्ष्य पूर्ण झाले तरच पैसे मिळतात, अन्यथा कोणाचाही पैसा कापला जात नाही. मोहिमेची कमाल मुदत ६० दिवस आहे, आणि संकेतस्थळाचे शुल्क ५ टक्के असून पेमेंटचे शुल्क त्यावर वेगळे लागते. परंतु तेथे मोहीम चालवण्यासाठी ज्या देशांतील रहिवास व बँक खाते लागते त्या यादीत भारत नाही. परदेशातील भाऊ किंवा मैत्रिणीच्या नावाने मोहीम चालवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तसे केल्यास करार, कर आणि वाचकांप्रती जबाबदारी हे सर्व त्या व्यक्तीच्या नावावर जाते. मराठी पुस्तकासाठी हा खटाटोप मला अवाजवी वाटतो.

मिलाप, केटो यांसारखी भारतीय संकेतस्थळे मुख्यतः वैद्यकीय आणि सामाजिक मदतीसाठी ओळखली जातात. उपचारांसाठी मदत मागणाऱ्या कुटुंबांच्या शेजारी आपल्या कॉमिकचे पान ठेवणे अनेकांना रुचत नाही, आणि तेथे येणारा माणूसही पुस्तक घ्यायला आलेला नसतो. कोणतेही संकेतस्थळ निवडण्यापूर्वी तेथे नुकत्याच पूर्ण झालेल्या पुस्तकांच्या मोहिमा पाहाव्यात, पैसे किती दिवसांत खात्यात येतात ते विचारावे, आणि लक्ष्य अपूर्ण राहिल्यास काय होते हे लेखी नियमांत वाचावे.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःच नोंदणी घेणे. रेझरपे किंवा इन्स्टामोजोसारख्या सेवेचे पेमेंट पान, नाहीतर यूपीआयचा क्यूआर कोड आणि सोबत गूगल फॉर्म एवढ्यावर ५०० प्रतींचे काम निभावते. यासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे, म्हणजे घरखर्च आणि वाचकांचे पैसे एकत्र होत नाहीत. फॉर्ममध्ये यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक आवर्जून मागावा. एकाच दिवशी तीन कुलकर्णींनी ३०० रुपये पाठवले की बँकेच्या यादीवरून कोण कोणता हे ठरवता येत नाही. नागपुरात शेजारी आणि नातलग रोख रक्कमच हातात ठेवतात, त्यांच्यासाठी पावतीपुस्तक छापून घ्यावे. स्वतः नोंदणी घेताना लक्ष्य पूर्ण न झाल्यास अमुक तारखेपर्यंत पैसे परत करू, असे जाहीर करावे आणि त्या तारखेपर्यंत खात्याला हात लावू नये.

कायद्याच्या दृष्टीने एक सीमारेषा पक्की लक्षात ठेवावी. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०१४ साली काढलेल्या चर्चापत्रात क्राउडफंडिंगचे देणगी, रिवॉर्ड, कर्ज आणि भागभांडवल असे चार प्रकार केले आहेत. आपला प्रकार रिवॉर्डचा, म्हणजे पैशाच्या बदल्यात वस्तू देण्याचा आहे. केतकरांनी नोंदणीकृत कंपनी काढून भाग विकले. आपण मात्र 'हजार रुपये द्या, नफ्यात वाटा देऊ' किंवा 'वर्षाने बाराशे करून परत देऊ' असे व्हॉट्सॲपवर गमतीनेही लिहू नये. परताव्याचे आश्वासन दिले की ती गुंतवणूक किंवा ठेव ठरू शकते, आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा तसेच अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा दोन्ही कडक आहेत.

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, आणि महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. पोस्टर, टी-शर्ट, मग यांवर कर लागतो आणि ते दिल्याने हिशेब गुंतागुंतीचा होतो. प्राप्तिकराच्या दृष्टीने प्रतीच्या बदल्यात आलेला पैसा हे व्यवसायाचे उत्पन्न असते व त्यातून खर्च वजा होतो. उलट ज्याच्या बदल्यात काहीच दिले नाही अशी, नातलगांव्यतिरिक्त इतरांकडून आलेली रक्कम वर्षात ५०,००० च्या वर गेली तर ती उत्पन्नात धरली जाते. म्हणूनही प्रत्येक रुपयामागे काहीतरी वस्तू असलेली बरी. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय परकीय देणगी कायद्याच्या कक्षेत परकीय स्रोत ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्ताकडून मात्र देणगी न घेता त्याला रीतसर पुस्तक विकावे. मोहिमेपूर्वी चार्टर्ड अकाउंटंटकडे तासभर बसून हे सगळे आपल्या परिस्थितीला लावून पाहावे. त्याची फी खर्चात धरावी.

काय देऊ करावे

पर्याय पाच-सहापेक्षा जास्त नसावेत. ९९ रुपयांना पीडीएफ, ३०० ला छापील प्रत, ४५० ला स्वाक्षरीची प्रत आणि आभाराच्या पानावर नाव, १,२०० ला ग्रंथालयासाठी पाच प्रती, एवढा पाया पुरेसा आहे. त्यावर चित्रकारच देऊ शकेल अशी एखादी गोष्ट ठेवावी. आपल्या कॉमिकमध्ये मिरवणुकीची गर्दी आहे. २,००० रुपये देणाऱ्याचा चेहरा त्या गर्दीत काढता येईल. पण गर्दीच्या चौकटी मोजून पाहिल्या तर ओळखू येईल असे चेहरे पंधरा-वीसच मावतात, म्हणून तेवढ्याच जागा ठेवाव्यात आणि छायाचित्र पाठवण्याची अंतिम तारीख त्याच वेळी सांगावी. मागणीनुसार स्वतंत्र चित्र काढून देण्याचा पर्याय मर्यादा न घालता ठेवणाऱ्यांचे कॉमिक मागे पडते आणि सहा महिने लोकांचे कुत्रे-मांजरी काढण्यात जातात.

आभाराच्या पानासाठी नाव देवनागरीत कसे लिहावे हे फॉर्ममध्येच विचारावे. रोमन लिपीतील नावावरून काळे की कले, दाते की दते हे ठरवणे अशक्य असते, आणि स्वतःचे नाव चुकीचे छापलेली प्रत कोणी शेल्फवर ठेवत नाही.

मोहिमेचे पान आणि तीस दिवस

मोहिमेच्या पानावर सर्वांत वर पूर्ण झालेले एक पान असावे. त्याखाली कथेचा आशय चार ओळींत, मग तीन-चार सलग पाने, खर्चाचा तक्ता, वेळापत्रक आणि शेवटी अडचणी आल्यास काय करू ते. व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत असावा. त्यात पार्श्वसंगीताच्या गोंगाटापेक्षा चित्रकाराचा शाई ओढणारा हात आणि त्याचा साधा आवाज असला तर पाहणाऱ्याचा विश्वास लवकर बसतो. वऱ्हाडी वळणाची बोली आपल्या तोंडी असेल तर ती कॅमेऱ्यासमोर घासूनपुसून पुणेरी करू नये. चित्रांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल तर ते कोठे आणि किती, हे आपणहून लिहावे.

मुदत ३० दिवसांची पुरे. सुरुवात पगार झाल्यावर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करावी आणि शेवट पुढच्या पगारानंतर दोन-तीन दिवसांनी यावा. गणपती आणि नवरात्राच्या आसपास मोहीम ठेवू नये, कारण त्या काळात प्रत्येक घराच्या दारात वर्गणीवाले उभे असतात आणि आपणही त्यांच्यातच मोजले जातो. मे महिन्यात अर्धे शहर लग्नांत आणि उरलेले अर्धे कूलरसमोर असते. आपल्या उदाहरणात पोळा ऑगस्टअखेर धरून मागे मोजत गेले तर प्रती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात वाचकांकडे पोचाव्यात, त्यासाठी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत छापून मिळाव्यात आणि जूनच्या मध्यास छापखान्यात जाव्यात. उरलेल्या पानांसाठी तीन महिने धरले की पैसे मार्चच्या मध्यापर्यंत हाती हवेत, म्हणजे मोहीम फेब्रुवारीत चालवावी लागते.

पहिल्या दोन दिवसांत वहीतील पहिल्या रकान्यातील सर्वांना एकेक करून स्वतंत्र संदेश पाठवावा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावेच बसतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही; याउलट 'काकू, त्या दिवशी म्हणालो होतो ते पुस्तक, आज नोंदणी सुरू झाली' या एका ओळीला उत्तर येते. मधले दोन आठवडे सुस्तीचे असतात. त्या काळात रोज 'कृपया मदत करा' असे लिहिण्यापेक्षा एखादे नवे पान, बडग्याच्या सांगाड्याचे रेखाटन किंवा संवाद बदलण्याची गोष्ट टाकावी, आणि वर्तमानपत्रांच्या स्थानिक पुरवण्यांना व कलाशिक्षकांना गाठावे. शेवटच्या तीन दिवसांत नोंदणी पुन्हा वाढते, कारण मुदत संपत आल्याशिवाय हालचाल न करणे हा आपल्या सर्वांचाच स्वभाव आहे.

छपाई आणि पाठवणी

मधोमध पिन मारलेल्या कॉमिकची पाने चारच्या पटीत असावी लागतात आणि ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून केलेल्या छपाईत, १६ पानांचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गट) सोयीचा पडतो. ४८ पाने म्हणजे तीन फॉर्म, तर चार पाने वाढवल्यास नवा फॉर्म लावण्याचा खर्च येतो. साधारणपणे ३०० प्रतींपर्यंत डिजिटल आणि ५०० पासून पुढे ऑफसेट परवडते. रंगीत पाने ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके), सर्व बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग ठेवून, सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) पद्धतीत द्यावीत. संगणकाच्या पडद्यावरचा रंग कागदावर तसाच उतरत नाही: पिवळ्या मारबतीचा पिवळा उत्तम येईल, पण तिच्या झालरीला दिलेला निऑन हिरवा मळकट दिसेल, म्हणून एक पान त्याच कागदावर छापून पाहिल्याशिवाय पूर्ण छपाईला होकार देऊ नये. अक्षरे केवळ काळ्या शाईत ठेवावीत. चार रंगांच्या मिश्रणाने केलेले काळे जरा सरकले की वेलांट्यांना रंगीत कडा दिसतात. जुलैच्या दमट हवेत शाई आणि लॅमिनेशनला वाळायला वेळ लागतो, तो वेळ छापखान्याला द्यावा, नाहीतर मुखपृष्ठे एकमेकांना चिकटतात.

राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, विनामूल्य मिळतो आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्यालाही त्यासाठी अर्ज करता येतो. तो छपाईच्या निदान दोन महिने आधी करावा. मागच्या पानावर प्रकाशक आणि मुद्रक यांची नावे-पत्ते छापावेत. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी सुरू केलेल्या ज्ञान पोस्ट सेवेतही पुस्तकावर प्रकाशक वा मुद्रकाचे नाव असणे अपेक्षित आहे. या सेवेचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून सुरू होतो, पाकिटाचा माग काढता येतो, पण ते जमिनीवरील मार्गाने जात असल्याने दूरच्या गावी वेळ लागतो. आपले कॉमिक त्या सेवेच्या अटींत बसते का, हे एक प्रत घेऊन सिव्हिल लाइन्समधील मुख्य टपाल कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. पावसाळ्यातील पाठवणीत प्रत आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठा आणि वर पाकीट, असा क्रम ठेवावा. पुठ्ठा प्रतीपेक्षा दोन्हीकडून अर्धा सेंटिमीटर मोठा असला की कोपरे दुमडत नाहीत. नागपुरातील वाचकांसाठी सीताबर्डीसारख्या मेट्रोने गाठता येणाऱ्या ठिकाणी एका रविवारी प्रती हातोहात द्याव्यात, त्यामुळे टपालखर्च वाचतो आणि वाचकाची गाठही पडते.

पैसे मिळाल्यापासून प्रती पोचेपर्यंत दर महिन्याला एक निवेदन पाठवावे. काम लांबणार असेल तर ठरलेली तारीख येण्याच्या आधी, कारण आणि नवी तारीख देऊन, आणि ज्यांना पैसे परत हवेत त्यांना ते देण्याची तयारी दाखवून लिहावे. वाचक उशीर सहन करतो. गप्प बसलेल्या प्रकाशकाला मात्र पुढच्या वेळी पैसे देत नाही.

प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या अन्य तीन ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते, ती छापील प्रतींच्या हिशेबात आधीच धरावी. जमाखर्चाचा अंतिम तक्ता सर्व नोंदणीदारांना पाठवावा. उरलेल्या प्रतींपैकी काही मारबतीच्या दिवशी महालात आणि काही धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत ठेवता येतील का, याची चौकशी संबंधित विक्रेत्यांकडे महिनाभर आधी करावी. विक्रेते साधारणपणे किमतीवर ३० ते ४० टक्के सूट मागतात, म्हणून पुस्तकावर छापायची किंमत अगदी सुरुवातीला, छपाईचे दरपत्रक हाती येताच, ही सूट धरूनच ठरवलेली असावी.